लांबडं आणि चापसा: लष्करातला कोड वेगळा, सायफर वेगळा

पाकिस्तानात इम्रान खान यांच्यावर खटला चालला तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांत 'सायफर प्रकरण' असे मथळे आले. त्याच बातम्यांत खाली कुठे 'सांकेतिक तार' लिहिलेलं असे, कुठे 'कोड', कुठे 'गुप्त संदेश'. चहाच्या टपरीवरच्या गप्पांत हे सगळं एकच धरलं तरी चालतं. लष्कराचा इतिहास वाचताना मात्र हा घोळ फार नडतो. कोड आणि सायफर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वापरायच्या वेगळ्या, फुटतात वेगळ्या, आणि कुठल्या सैन्याला कुठली मानवते हे ते सैन्य लढतं कसं यावर ठरतं.

फरक समजायला आजीच्या ओसरीवर गेलं तरी पुरे. रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही, त्याला 'लांबडं' म्हणायचं. हा कोड. अख्ख्या शब्दाच्या, म्हणजे अर्थाच्याच जागी दुसरा शब्द ठेवला. 'लांबडं' या अक्षरांकडे कितीही टक लावून बघा, त्यातून 'साप' निघणार नाही. ते घरात आधी ठरलेलं असावं लागतं. आता तीच गोष्ट 'च'च्या भाषेत बोलणाऱ्या पोरांना सांगू द्या. ती 'साप'चं 'चापसा' करतील. हा सायफर. इथे अर्थाशी देणंघेणं नाही, अक्षरांवर एक नियम चालवला. ज्याला नियम माहीत त्याला 'चगरम' ऐकल्यावर मगर कळते, जरी हा शब्द त्याच्यासमोर पूर्वी कधी आला नसला तरी. 'लांबडं' शिकलेल्याला मगरीसाठी नवा शब्द ठरवून घ्यावा लागेल.

(पिनकोड, बारकोड, मोर्स कोड यांत लपवण्यासारखं काहीच नाही. मोर्स तर कुणीही शिकावं. त्यांना इथेच बाजूला ठेवू.)

लष्करी कोड म्हणजे मुख्यतः एक वही. 'हल्ला', 'पूल', 'दारूगोळा संपला', 'माघार घ्या' अशा शेकडो-हजारो नोंदी आणि प्रत्येकीसमोर आकड्यांचा एक गट. एका गटात अख्खं वाक्य मावतं, त्यामुळे संदेश आखूड होतो. अडचण येते ती वहीत नसलेल्या शब्दाची. १९१७ च्या जानेवारीत जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान यांनी मेक्सिकोला तार केली: अमेरिका युद्धात उतरलीच तर आमच्या बाजूने या, टेक्सस, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत मिळवायला मदत करू. ब्रिटिशांनी ही तार उलगडली त्याचा कागद आजही बघायला मिळतो. त्यात 'टेक्सस'ला एकच गट आहे. ॲरिझोनासाठी मात्र जर्मन वहीत नोंदच नव्हती, म्हणून 'एआर', 'आयझेड', 'ओएन' आणि 'ए' असे चार तुकडे करून ते नाव कसंबसं बसवलेलं दिसतं. एवढ्या गंभीर तारेतली ही शिवणकामातली ठिगळं पाहून मला दरवेळी हसू येतं.

कोडची दुसरी अडचण म्हणजे वही ही वस्तू आहे. ती हरवते, चोरीला जाते, मेलेल्या अधिकाऱ्याच्या खिशात सापडते. १९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन युद्धनौका माग्डेबुर्ग एस्टोनियाच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढली. रशियनांना तिच्यावर कोडच्या वह्या मिळाल्या आणि त्यांतली एक ऑक्टोबरपर्यंत लंडनला पोहोचली. डोकं न चालवता जर्मन नौदलाचा कोड हाती आला. एकदा वही गेली की नवी तयार करा, छापा आणि प्रत्येक तुकडीला नेऊन द्या.

तरीही पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर कोड चालला, कारण ते युद्ध जागचं हलतच नव्हतं. खंदकातली पलटण महिनोन् महिने तिथेच. तिला वही पोहोचवणं म्हणजे पोस्टमनने रोजच्या गल्लीत जाण्यासारखं. अमेरिकन सैन्याने १९१८ मध्ये खंदकांसाठी नद्यांच्या नावांची वह्यांची मालिकाच काढली: पोटोमॅक, सुवानी, वॉबॅश. एक वही शत्रूच्या हाती लागणार हे गृहीतच होतं, म्हणून पुढची छापून तयार असे. चोरी थांबवता येत नसेल तर चोरलेला माल लगेच शिळा करून टाकायचा, असा हा व्यवहारी विचार.

सायफरचा विचार याच्या उलट टोकाकडून सुरू होतो. भाषातज्ज्ञ ऑग्युस्त केर्कहोफ्स यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवलं होतं की लष्करी पद्धत अशी हवी की ती शत्रूला सापडली तरी बिघडू नये. पद्धत उघडी, फक्त किल्ली गुप्त. कुलूप बाजारात कुणालाही मिळतं, म्हणून काही तुमचं घर उघडत नाही. किल्ली बदलायला नवं पुस्तक छापावं लागत नाही. एक शब्द बदलला तरी भागतं.

पण सायफर अक्षरांवर चालतो आणि अक्षरांना सवयी असतात. समजा वर्णमालेत प्रत्येक व्यंजन एक घर पुढे सरकवायचं असं ठरवलं. 'पूल'चा 'फूव' झाला, 'हल्ला'चा 'ळव्वा'. दिसायला अगम्य, पण जोडाक्षरातला दुहेरी 'ल' दुहेरी 'व' होऊन तसाच उभा आहे. अशाच खुणांवर सायफर फोडणारे जगतात.

जर्मनांनी १९१८ च्या मार्चमधल्या मोठ्या चढाईआधी या सवयी मोडून काढायचा बेत केला. एका चौकोनात अक्षरं विस्कटून भरायची, प्रत्येक अक्षराऐवजी त्याच्या ओळीचं आणि रकान्याचं नाव लिहायचं. म्हणजे एका अक्षराचे दोन झाले. मग ते सगळं एका किल्लीशब्दाखाली रकान्यांत मांडून रकान्यांची अदलाबदल करायची, म्हणजे त्या जोडीतले दोघं एकमेकांपासून लांब फेकले गेले. ओळी-रकान्यांची नावं होती ए, डी, एफ, जी आणि एक्स, कारण मोर्समध्ये ती एकमेकांत मिसळत नाहीत. जूनच्या सुरुवातीला त्यात व्ही मिळवला, चौकोन सहा बाय सहाचा झाला आणि आकडेही त्यात मावले.

फ्रेंच अधिकारी जॉर्ज पँव्हँ यांच्यासमोर असे कागद येत होते. त्यांच्याकडे वही नव्हती, चोरलेला चौकोन नव्हता. होते ते फक्त पकडलेले संदेश. सारखी सुरुवात असलेले संदेश शेजारी शेजारी ठेवून ते रकान्यांचा क्रम शोधत बसले. जून उजाडता उजाडता त्यांनी उकललेल्या किल्लीवर एक संदेश वाचला गेला: दारूगोळा लवकर पोहोचवा, दिसणार नसाल तर दिवसासुद्धा. तो फ्रान्समधल्या माँदिदिए आणि काँपियेन्यच्या दरम्यान रमोजी भागाकडे निघाला होता. पुढची चढाई कुठे होणार ते फ्रेंचांना कळलं. ९ जूनला ती तिथेच आली आणि फ्रेंच तयार होते.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे. कोड बहुतेक वेळा चोराने फोडला आणि सायफर बैठक मारणाऱ्याने. कोड नुसतं डोकं चालवूनही फुटला आहे, झिमरमानच्या वहीचा बराचसा भाग ब्रिटिशांनी तसाच एकेक गट जुळवत उभा केला होता, पण त्याला पुष्कळ संदेश आणि पुष्कळ दिवस लागतात.

आता लढण्याच्या पद्धतीकडे येऊ. १९१४ च्या ऑगस्टमध्येच दोन रशियन सैन्यं जर्मनीच्या पूर्व प्रशिया प्रांतात घुसली होती. ती हलती होती, तारा पुरेशा नव्हत्या, म्हणून बिनतारी यंत्रावर भिस्त. सगळ्या तुकड्यांकडे एकसारख्या किल्ल्या धड पोहोचल्या नव्हत्या. मग त्यांनी कुठल्या कोअरने (म्हणजे मोठ्या तुकडीने) कुठे जायचं ते उघड भाषेत सांगून टाकलं. जर्मनांनी ते ऐकलं आणि टॅनेनबर्गला रशियन सेनापती सॅमसोनोव्हच्या सैन्याला घेरलं. सुमारे ९२ हजार रशियन कैद झाले आणि सॅमसोनोव्हने स्वतःला गोळी घालून घेतली. हलत्या सैन्याला गुप्त भाषा सोबत नेता आली नाही तर काय होतं, याचं हे ढळढळीत उदाहरण.

ते पुरतं ओळखणारा एक माणूस जर्मनांकडेच होता. हाइन्झ गुडेरियान पहिल्या युद्धात बिनतारी विभागात होता. रणगाडे झपाट्याने आत घुसवायचे, तर प्रत्येक रणगाड्यात रेडिओ हवा आणि सेनापतीही पुढे, चालत्या गाडीत हवा, हा त्याचा आग्रह. १९४० मध्ये फ्रान्सच्या मोहिमेतला त्याचा प्रसिद्ध फोटो आहे: तो चिलखती गाडीत उभा आणि पुढ्यात सैनिक एनिग्मावर वाकलेले. एनिग्मा हे सायफरचं यंत्र, कोडचं नव्हे. रोज किल्ली बदलायची, आणि किल्ल्यांचा महिन्याभराचा तक्ता एका कागदावर. रोज नव्या गावात मुक्काम करणाऱ्या रणगाडा तुकडीमागे जाडजूड वह्यांचे गठ्ठे घेऊन कोण धावणार?

यंत्रात एक खोट होती: कुठलंही अक्षर कधीच स्वतःसारखं उमटत नसे. मारियान रेयेव्स्की या पोलिश गणितज्ञाने १९३२ च्या अखेरीस लष्करी एनिग्माची अंतर्रचना गणिताने काढली आणि युद्धाच्या तोंडावर पोलिशांनी ते ज्ञान ब्रिटिशांना व फ्रेंचांना दिलं. पण पुढे रोजच्या किल्ल्या मिळत गेल्या त्या मुख्यतः माणसांच्या आळसामुळे. 'विशेष काही नाही' हेच वाक्य रोज पाठवणारा सैनिक म्हणजे समोरच्यासाठी मेजवानी. जर्मन हवाई दलाचे लोक ढिसाळ, म्हणून त्यांच्या किल्ल्या आधी पडल्या. लष्कराच्या जास्त चिवट निघाल्या.

गंमत म्हणजे त्याच काळात आफ्रिकेत जर्मन सेनापती रोमेल चोरलेल्या कोडवर जेवत होता. इटालियनांनी १९४१ च्या सप्टेंबरमध्ये रोममधल्या अमेरिकन वकिलातीतून एक कोडवही गुपचूप नेली, तिचे फोटो काढले आणि परत ठेवली. कैरोतले अमेरिकन लष्करी प्रतिनिधी कर्नल फेलर्स त्याच कोडमध्ये ब्रिटिश सैन्याची खडान् खडा माहिती वॉशिंग्टनला कळवत होते. हा कोडही नुसता नव्हता, आकड्यांवर वरून सायफरची झूल होती. पण झुलीचे तक्तेही वहीसोबतच हाती लागले. १९४२ चा जून संपेपर्यंत हा झरा वाहत राहिला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात असलेल्या नावाहो या आदिवासी जमातीच्या सैनिकांच्या भाषेला सगळे 'कोड' म्हणतात. त्यात रणगाड्याला कासव होतं, पाणबुडीला लोखंडी मासा, बॉम्बला अंडी. हे झालं आपल्या लांबड्यासारखं. पण इवो जिमा या जपानी बेटासारखं नाव आलं की ते एकेक अक्षराने सांगत, रोमन अक्षरांसाठी नावाहो शब्द ठरलेले. म्हणजे तेवढ्यापुरता सायफर. वही डोक्यात असल्याने चोरायला काही नव्हतं. १९४२ मध्ये सुरुवात २९ जणांनी केली होती.

आजच्या लष्करी रेडिओत सायफर यंत्रातच बसवलेला असतो, बोलणाऱ्याला तो जाणवतही नाही. आपल्या भारतीय लष्करात संदेशवहन सांभाळणाऱ्या सिग्नल्स कोअरचं, १९११ साली स्थापन झालेल्या तुकडीचं, ब्रीद आहे 'तीव्र चौकस': आधी वेग, मग सावधपणा, दोन्ही एकाच दमात. कोड उरला तो मोहिमांच्या नावांत आणि ठरलेल्या आखूड शब्दांत, आणि तो सायफरच्या आतच बोलला जातो, कारण चालू रेडिओसकट गाडी शत्रूच्या हाती लागू शकते. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये घुसलेल्या रशियन तुकड्यांतल्या कित्येकांकडे यांतलं काहीच धड नव्हतं. ते उघड्या रेडिओवर आणि साध्या मोबाइलवर बोलत होते, आणि युक्रेनियन ऐकत होते.