कयाकमधील कौटुंबिक मासेमारी

वल्ह्याने किंवा पायाने मारायच्या पेडलने चालणाऱ्या, एक-दोन आसनांच्या अरुंद, बिनइंजिनाच्या नौकेतून घरातील माणसांनी मिळून जवळच्या खाडीत, तलावात किंवा संथ नदीत गळाने केलेल्या हौशी मासेमारीस कयाकमधील कौटुंबिक मासेमारी म्हणतात. जाळी, लिलाव आणि बाजार यांच्याशी तिचा संबंध नसतो. पकडलेल्या माशांपैकी घरी लागतील तेवढेच ठेवायचे आणि बाकीचे जिवंत सोडायचे, असा तिचा सर्वसाधारण रिवाज आहे. नौका आज जगभर जवळजवळ सारखीच मिळते. पण तिच्यात मुलांना घेऊन केव्हा आणि कुठे उतरायचे, हे ज्या त्या ठिकाणचे पाणी ठरवते. त्यामुळे या छंदातील खरे ज्ञान स्थानिकच असते.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट, अल्यूट आणि युपिक लोकांची शिकारीची नौका होय. वाहून आलेल्या लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलची कातडी ताणून ती बनवीत आणि शिकारी तिच्यात कमरेपर्यंत बंदिस्त बसत असे. अशी नौका उलटली, तर बसलेल्यालाच ती सरळ करता यावी लागते, आणि ही गोष्ट हौशी माणसाला, त्यातही लहान मुलाला, साधणारी नव्हती. १९७० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातील मालिबू येथे टिम निमियर याने वर उघडे बसायच्या कयाकचा प्रसार सुरू केला आणि ही अडचण दूर झाली. या प्रकारात आत शिरलेले पाणी तळातील आरपार भोकांतून आपोआप निघून जाते, नौकेचे पोकळ धड बुडत नाही आणि पाण्यात पडलेला माणूस पुन्हा वर चढू शकतो. पुढे पॉलिएथिलिन या प्लास्टिकच्या, साच्यातून काढलेल्या अशा नौका स्वस्तात मिळू लागल्या. १९९७ मध्ये होबी या नौका बनवणाऱ्या कंपनीने पेंग्विनच्या पंखांसारख्या हलणाऱ्या दोन परांचे पेडल आणले, तेव्हा हात रॉडसाठी, म्हणजे गळाच्या काठीसाठी, मोकळे झाले.

कोकणात खाडीत गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, जाणे हा घरोघरचा जुना शिरस्ता आहे. कयाक मात्र तेथे अलीकडची आहे आणि ती आली पर्यटनातून. गोव्यातील साळ नदीच्या मुखाजवळचे पाणी आणि तारकर्ली-देवबागचा परिसर येथे कयाक भाड्याने मिळते. या किनाऱ्यावर कयाक घेऊन गरवणाऱ्याने रॉड-रीळ निवडण्याआधी भरती-ओहोटी समजून घेतली पाहिजे. उधाणाला मुंबईजवळ पाण्याची पातळी चार मीटरांहून अधिक चढ-उतार करते. दक्षिणेकडे गोव्यापर्यंत हे अंतर कमी होत जाते, तरी खाडीच्या अरुंद मुखाशी ओहोटीचा ओढ वल्हे मारणाऱ्याला दमवून टाकण्याइतका जोरदार असतो. दिवसातून दोनदा भरती येते आणि रोज ती सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. मुंबई व उत्तर कोकणातील कोळी तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ वाजता. हा आडाखा स्थूल आहे आणि मुलांना नेताना भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-कोष्टकाशी तो ताडून पाहणे आवश्यक आहे. तरी दिवस निवडण्यासाठी त्याच्याइतके हाताशी असलेले साधन दुसरे नाही.

दशमी-एकादशीच्या आसपासच्या सकाळी कौटुंबिक फेरीस सर्वांत योग्य ठरतात, याचे कारण या हिशेबातूनच कळते. अष्टमीनंतर एक-दोन दिवस भांगाची भरती असते, म्हणजे पाण्याची चढ-उतार आणि ओढ दोन्ही कमी असतात. पहाटे उजाडल्यावर चढत्या पाण्याबरोबर खाडीत वर जाता येते, आठच्या सुमारास पाणी थांबते तेव्हा तिवरांच्या कडेने गळ टाकता येतो आणि ओहोटी लागताच तिच्याबरोबर श्रम न करता परतता येते. परतीला उशीर मात्र चालत नाही. ओहोटी निम्मी झाली की उतरायची जागा चिखलात जाते, आणि गुडघाभर गाळातून पंचवीस-तीस किलोची नौका व दमलेले मूल दोन्ही ओढत आणणे हे मोठ्यांनाही झेपत नाही. शिवाय सकाळचे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. मुखाजवळ ओहोटी आणि हा वारा दोन्ही एकाच दिशेने ढकलतात, म्हणून उतरण्याची जागा मुखापासून बरीच आत निवडावी. दुपारी खारे वारे सुटून पाणी खळबळते, त्याआधी सर्वजण काठावर असावेत.

नौकेतील वागणूकही नेमकी शिकवावी लागते. दोन आसनांच्या कयाकमध्ये मूल पुढे आणि मोठे माणूस मागे बसते, कारण दिशा मागच्याच्या वल्ह्याने ठरते आणि मूलही सतत डोळ्यांसमोर राहते. कयाक उलटण्याचा धोका लाटेपेक्षा मासा लागण्याच्या क्षणी अधिक असतो: रॉड वाकतो, मूल आनंदाने त्या बाजूला झुकते, मदतीला मागचेही माणूस तिकडेच झुकते आणि नौका कलते. मासा लागला की मागच्याने हात न पुढे करता उलट्या बाजूला भार द्यायचा, हे काठाजवळ कमरेइतक्या पाण्यात आधी करून पाहावे; तेथेच मुद्दाम उलटून पुन्हा चढण्याचाही सराव व्हावा. नांगराच्या दोरीचेही असेच आहे. हाताशी सोयीची म्हणून ती मध्यभागी बांधली, तर प्रवाह नौकेच्या आडव्या कुशीवर दाबतो आणि ती कलंडते. म्हणून कुशीला कप्पीवरची फिरती दोरी लावून नांगराचा ताण नेहमी पुढच्या किंवा मागच्या टोकाला नेतात. लाइफ जॅकेट अंगात हवे, पाठीमागे ठेवलेले नव्हे. मुलांच्या गळाची उलटी नखी पक्कडीने दाबून टाकली, तर माशाच्या तोंडातून आणि चुकून लागल्यास बोटातूनही तो सहज निघतो.

खाडीत बोय, काळुंदर, तांबोसा आणि मुडदुशी मिळतात. शिंगाळ्याच्या पाठीवरील आणि बाजूच्या काट्यांत विष असल्याने तो मुलांनी हाताळू नये. मानाचा मासा मात्र जिताडा, ज्याला सिंधुदुर्ग-गोव्याकडे चोणक म्हणतात. तो नर म्हणून वयात येतो आणि पुढे वाढल्यावर त्याची मादी होते, त्यामुळे मीटरभर लांबीचा जिताडा जवळजवळ नेहमी अंडी देणारी मादीच असतो. छायाचित्र काढून असा मासा पाण्यात सोडून देणे ही या छंदातील सर्वांत मोलाची सवय आहे, आणि ती लहान वयातच लागते. कोवळ्या माशांबाबत कायदाही आहे: महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली. सावित्री आणि वाशिष्ठी नद्यांत तसेच गोव्यातील कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. तेथे पाण्यालगत बसायच्या नौकेत मुलांना घेऊन गरवणे सर्वस्वी टाळावे.

अमेरिकेत हा प्रकार सर्वांत अधिक रुजला असून ह्यूस्टन-ऑस्टिनकडील मराठी कुटुंबांनाही तो जवळ उपलब्ध आहे. टेक्सासच्या वन्यजीव खात्याने वल्हेकऱ्यांसाठी आखलेल्या जलमार्गांपैकी आरान्सस पास या गावाजवळचा लाइटहाउस लेक्स हा उथळ, खारफुटीने वेढलेला मार्ग नवशिक्यांना मानवतो. तेथे भरती जेमतेम हात-दीड हाताची असते आणि सारी सत्ता वाऱ्याची चालते. दुपारचा आग्नेय वारा परतीची वाट दुप्पट लांब करतो, तर हिवाळ्यात उत्तरेचा वारा उपसागरातील पाणीच बाहेर लोटतो आणि कयाक कालवांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, धारदार खडकांवर टेकते. म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जाणे हा तेथील नियम आहे. उथळ गवतात रेडफिश खाली तोंड करून चरतो तेव्हा त्याची शेपटी पाण्यावर दिसते. मुलांना गळ टाकण्याआधी मासा पाहायला शिकवण्यास याहून चांगली जागा क्वचितच असेल. १७ वर्षांखालील मुलांना तेथे मासेमारीचा परवाना लागत नाही. १३ वर्षांखालील मुलांनी चालत्या नौकेत लाइफ जॅकेट घालण्याची सक्ती आहे.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळातील समुद्रबंदी यांत्रिक नौकांसाठी असते. कयाक तिच्यात मोडत नसली, तरी पावसाळ्यात खाडीला पूर असतो आणि तेव्हा पाण्यात उतरण्याचा विचारही करू नये. धरणांच्या जलाशयांत मासेमारीचा हक्क सहसा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेला असतो. तेथे एका रॉडने गरवण्यासाठीही आधी संस्थेची परवानगी घ्यावी लागते, आणि तिच्या जाळ्यांच्या खुणांपासून दूर राहावे लागते.