यादीतली एक ओळ

मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर कुणीतरी हमखास भेटतं. हातात ओळखपत्र, पण यादीत नाव नाही. ‘मागच्या वेळी केलं होतं की मतदान!’ म्हणून उपयोग नसतो. मताचा हक्क राज्यघटनेत लिहिलेला आहे खरा, पण तो बजावायचा तर मतदार यादीत आपल्या नावाची ओळ हवी. त्या ओळीत कुणी यायचं, यावरून आपल्याकडे शंभर वर्षं भांडण चाललं आहे.

इंग्रजी अमलात मत देणं हा मालमत्तेचा मान होता. शेतसारा, घरपट्टी किंवा शिक्षण असेल तर मत. 1919 साली मताचा हक्क कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या साउथबरो समितीपुढे डॉ. आंबेडकरांनी साक्ष दिली. ज्यांना तळ्यावर पाणी भरू दिलं जात नव्हतं, त्यांच्याकडे मतापुरती मालमत्ता कुठून येणार, हा प्रश्न तेव्हा नुसता कागदावरचा नव्हता. अस्पृश्यांसाठी मताची अट खाली आणा, अशी त्यांची मागणी होती. 1928 साली सायमन कमिशनपुढे त्यांनी थेट प्रौढ मताधिकार मागितला. तरीही 1935 च्या कायद्यानं अटी सैल केल्या, काढल्या नाहीत.

त्या कायद्यातली एक तरतूद मला फार बोलकी वाटते. नवऱ्याकडे पुरेशी मालमत्ता असेल, तर बायकोलाही मत. म्हणजे ‘अमक्याची बायको’ हीच तिची पात्रता. पुढे जे घडलं ते या पार्श्वभूमीवर वाचावं.

स्वातंत्र्यानंतर घटना पूर्ण होण्याची वाट न पाहता संविधान सभेच्या सचिवालयानं नव्या यादीची तयारी सुरू केली. 1 जानेवारी 1949 रोजी एकवीस वर्षं पूर्ण आणि ठरावीक काळ त्याच ठिकाणी वास्तव्य, एवढ्याच अटी. पण फाळणीत घरदार सोडून आलेल्यांचं वास्तव्य कसं मोजणार? त्यांनी ‘इथेच कायम राहणार’ असं नुसतं लिहून दिलं तरी नाव घ्या, असा आदेश निघाला. कागद मागण्याआधी माणूस मोजणारं सरकार आपण एकदा पाहिलेलं आहे, हे अधूनमधून आठवायला हरकत नाही.

यादी सतरा कोटींवर गेली. तपासताना लक्षात आलं की लाखो बायकांच्या नोंदीत त्यांचं नावच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको. परक्या पुरुषाला स्वतःचं नाव सांगायचं नाही, ही रीत. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत या भागांत ती जास्त कडक. आपल्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागायचा, तिथे स्वतःचंच नाव अडलं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठाम भूमिका घेतली: नाव सांगा, नाहीतर नोंद वगळू. बिहारला त्यासाठी जादा मुदतही मिळाली. तरी जवळपास 28 लाख बायका 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीच्या यादीतून गेल्या.

हे बरोबर झालं का? सेन यांचं म्हणणं असं की, या वगळण्यावर ओरड झाली हेच चांगलं, पुढच्या खेपेला बायका नाव सांगतील. प्रशासक म्हणून ते पटतं. पण रीत घराची आणि भुर्दंड बाईला, हेही तितकंच खरं. लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलणाऱ्या मराठी घरांनी तरी यावर फार हसू नये. माहेरच्या यादीत एक, सासरच्या कागदावर दुसरं, हा घोळ अजून मिटलेला नाही.

1989 साली वयाची अट एकविसावरून अठरावर आली. 2009 पासून तृतीयपंथीयांना स्त्री-पुरुष सोडून ‘इतर’ अशी नोंद करता येऊ लागली. नाव घालण्याचा रस्ता असा रुंद होत गेला. नाव काढण्याचा वाद मात्र नव्वदच्या दशकात पेटला. मुंबई आणि दिल्लीतल्या काही वस्त्यांत मतदारांना ‘नागरिक असल्याचा पुरावा आणा’ अशा नोटिसा गेल्या. लालबाबू हुसेन खटल्यात 1995 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, आधीपासून यादीत असलेल्या माणसाची तेव्हा पडताळणी झाली होती असंच धरायचं. संशय असेल तर कारण कळवा आणि त्याचं म्हणणं ऐका. नाव वगळण्याच्या आजच्या प्रत्येक वादात हा निकाल निघतो तो त्यामुळेच.

आणि ज्यांचं नाव शाबूत आहे, पण माणूस गावात नाही, त्यांचं काय? परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकांना 2010 च्या दुरुस्तीनं नोंदणी करता येते, मात्र मत द्यायला प्रत्यक्ष केंद्रावर यावं लागतं. ऊसतोड कामगाराची गत वेगळी नाही. नाव बीड जिल्ह्यातल्या गावाच्या यादीत, आणि नोव्हेंबरात मतदान आलं की तो कोयता घेऊन दूरच्या फडावर. स्थलांतरितांना असतील तिथूनच मत देता यावं म्हणून निवडणूक आयोगानं जानेवारी 2023 मध्ये दूरस्थ मतदान यंत्र राजकीय पक्षांपुढे मांडलं होतं. पक्षांनी शंका काढल्या, आणि त्यानंतरच्या 2024 च्या लोकसभा आणि विधानसभा या दोन्ही निवडणुका त्या यंत्राशिवायच पार पडल्या.