संगमावर अडलेले पाणी: पंचगंगेचा पूर लवकर का उतरत नाही

कोल्हापुरात दसरा चौकाजवळ जयंती नाल्यावर पूल आहे. एका पावसाळ्यात मी त्या पुलावर उभा होतो. पाऊस थांबून बराच वेळ झाला होता, ऊनही पडले होते, आणि नाल्यातून जलपर्णीचा एक हिरवा पुंजका सावकाश सरकत होता. तो नदीकडून शहराकडे येत होता, म्हणजे नाल्याच्या नेहमीच्या वाहण्याच्या अगदी उलट दिशेने. पंचगंगेचे पाणी नाल्याच्या मुखापेक्षा उंच झाले होते आणि नाला उलटा भरत होता. शेजारच्या सुतारवाड्यातील कुटुंबांना दर पुराच्या वेळी सर्वांत आधी घर सोडावे लागते, त्याचे कारण हेच उलटे पाणी आहे.

पूर आला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात: "धरणाचे पाणी सोडले" आणि "ढगफुटी झाली". पहिल्या वाक्यात तथ्य असते, पण ते किती, हे हिशेब केल्याशिवाय कळत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. एक लाख क्युसेक दिवसभर वाहिले तर ८.६४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी होते, म्हणजे ८.३६ टीएमसी क्षमतेच्या संपूर्ण राधानगरी धरणापेक्षाही जास्त. याच राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि प्रत्येकातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सातांतून मिळून सुमारे दहा हजार क्युसेक पाणी बाहेर पडते. ते कोणी सोडलेले नसते. महापुरात नदीतून वाहणाऱ्या पाण्यात हा वाटा लहान असतो, कारण धरणांच्या खालच्या पाणलोटात पडणारा पाऊस कोणत्याही दरवाजातून न जाता थेट नदीत येतो. ढगफुटीचा अर्थही ठरलेला आहे: वीस-तीस चौरस किलोमीटर परिसरात एका तासात १०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस. चार दिवस संततधार लागली तरी तिला ढगफुटी म्हणण्याची जी सवय माध्यमांना लागली आहे, ती घातक आहे, कारण त्यामुळे पूर ही अचानक कोसळलेली, कोणालाच आधी न कळणारी गोष्ट वाटू लागते.

माझ्या मते कृष्णाकाठच्या पुराचे मर्म संगमावर आहे. वारणा कृष्णेला सांगलीजवळ हरिपूर येथे मिळते आणि पंचगंगा नृसिंहवाडीला. कृष्णा तेथे पोहोचते तेव्हा तिच्यात कोयनेचे आणि वारणेचे पाणी आधीच आलेले असते. कोल्हापूरहून वाडीला रस्त्याने पंचेचाळीस किलोमीटरांच्या आसपास अंतर आहे. नदीची वाट वळणांमुळे त्याहून लांब आहे आणि या पट्ट्यात तिला उतार फार कमी आहे.

आता पाणी वाहते कशामुळे, ते पाहू. पाण्याला पुढे नेणारी ओढ त्याच्या पृष्ठभागाच्या उतारातून मिळते. रॉबर्ट मॅनिंग या अभियंत्याने १८८९ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार प्रवाहाचा वेग उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो आणि खोलीच्या दोनतृतीयांश घाताच्या प्रमाणात वाढतो. समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. कोल्हापूर आणि संगम यांच्या पाणीपातळीत आठ मीटरांचा फरक आहे आणि कृष्णेला पूर आल्यामुळे संगमाची पातळी सहा मीटरांनी चढली. फरक दोन मीटर उरला, म्हणजे उतार एकचतुर्थांश झाला. एकचतुर्थांशाचे वर्गमूळ एकद्वितीयांश, म्हणून वेग निम्म्यावर आला. वरून पाणी मात्र पूर्वीइतकेच येत आहे. तेवढेच पाणी निम्म्या वेगाने पुढे जायचे तर प्रवाहाचा काटछेद, म्हणजे रुंदी आणि खोली मिळून होणारे क्षेत्रफळ, दुप्पट व्हावा लागतो. मग नदी चढते, पात्राबाहेर पडून शेतांत पसरते आणि चढता चढता थोडा उतार पुन्हा मिळवते. त्यामुळे संगमावरचे सहा मीटर कोल्हापुरात सहा मीटर होऊन येत नाहीत. वर जावे तसा हा परिणाम कमी होत जातो आणि पाण्याचा पृष्ठभाग एका सौम्य वक्र रेषेत मूळ पातळीला जाऊन मिळतो. या वक्रालाच आपण फुगवटा म्हणतो. छपराच्या पन्हळीत एक वीट आडवी ठेवली की हे डोळ्यांनी दिसते: पन्हळ तिरकी असेल तर पाणी विटेजवळच तुंबते, जवळजवळ सपाट असेल तर थेट वरच्या टोकापर्यंत भरत जाते. म्हणजे उतार जितका कमी, तितका फुगवटा लांब जातो.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन महापुरांतला फरक मला यातूनच उलगडला. २०१९ मध्ये कृष्णा, वारणा आणि पंचगंगा या तिन्ही खोऱ्यांत दिवसेंदिवस पाऊस पडत राहिला. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ फुटांच्या वर गेले, आणि सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांच्याही पुढे गेले. पुणे-बंगळूर महामार्ग जवळपास आठवडाभर बंद राहिला. २०२१ मध्ये २२ आणि २३ जुलैला घाटमाथ्यावर विलक्षण पाऊस झाला, महाबळेश्वरला तर एका दिवसात ५९० मिलिमीटरहून अधिक. त्या वेळी कोल्हापुरात पाणी २०१९ च्या बरोबरीने, सुमारे ५६ फुटांपर्यंत चढले, सांगलीत मात्र ते सुमारे ५५ फुटांवर थांबले. कोणत्या नदीचा लोंढा संगमावर केव्हा पोहोचतो, यावर कोणाच्या दारात किती दिवस पाणी राहणार हे ठरते.

हे दिवस महत्त्वाचे असतात. उसाचा शेंडा पाण्याबाहेर असेल तर ऊस बरेच दिवस तग धरतो. शेंडा बुडाला आणि पोंग्यात, म्हणजे शेंड्यातल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, गाळ बसला की वाढ खुंटते आणि आतून कुज सुरू होते. पाणी ओसरल्यावर बांधावरून हिरवा दिसणारा फड जवळ जाऊन पोंगा ओढला तर सहज हातात येतो, आणि त्याला कुजका वास येत असतो. सोयाबीनला तेवढीही सवड मिळत नाही.

फुगवट्याचा विषय निघाला की कृष्णेवर खालच्या अंगाला कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाचे नाव येणारच. त्या धरणाची सध्याची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर आहे आणि ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याचा कर्नाटकाचा प्रस्ताव आहे. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने त्या पुराला अलमट्टी कारणीभूत नसल्याचा निष्कर्ष काढला. पूरग्रस्त भागातील अनेकांना तो पटलेला नाही, आणि उंचीवाढीला महाराष्ट्राचा विरोध आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की हा वाद घोषणांनी सुटणारा नाही. फुगवटा ही मोजता येणारी गोष्ट आहे. कृष्णेवरच्या अलमट्टी, हिप्परगी, राजापूर, नृसिंहवाडी आणि सांगली या ठिकाणांच्या एकाच तासाच्या पातळ्या एका आलेखावर मांडल्या की वक्र कोठे संपतो, ते दिसते. ५१९.६० मीटरच्या निष्कर्षावरून ५२४.२५६ मीटरबद्दल निर्धास्त होता येत नाही, तो हिशेब नव्यानेच करावा लागेल.

नृसिंहवाडीला पाणी दत्तमंदिराच्या गाभाऱ्यातून दक्षिण दाराने बाहेर पडू लागले की दक्षिणद्वार सोहळा होतो, आणि कोल्हापुरात पंचगंगेची ओटी भरली जाते. नदीविषयीच्या या आदराबद्दल माझ्याही मनात आदरच आहे. मात्र ओटी भरल्यामुळे पाणी उतरले, असे मुलांना सांगू नये. पाणी चढून काठोकाठ आले की ओटी भरतात, आणि साधारण त्याच सुमारास पावसाचा जोरही ओसरू लागतो.

जो नियम संगमाला, तोच माणसाने घातलेल्या भरावाला. पूरपट्ट्यातून आडवा जाणारा रस्ता मातीच्या उंच भरावावर बांधला की शेतांवरून पसरून वाहणारे पाणी पुलाच्या मोजक्या गाळ्यांकडे वळते आणि वरच्या अंगाला पातळी चढते. तेथे भरावाऐवजी खांबांवरचा पूल हवा, ही कोल्हापूरलगत महामार्गावरच्या शिरोलीजवळच्या लोकांची मागणी जलशास्त्राला धरून आहे. पूररेषांचेही तसेच. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, म्हणजे दर वर्षी चार टक्के शक्यतेची. तिच्या आत बांधलेल्या घरात तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात निदान एकदा पाणी शिरण्याची शक्यता सत्तर टक्के भरते.

आणखी एक दुरुस्ती फारशा खर्चाशिवाय होऊ शकते. राजाराम बंधाऱ्याचे फूट आणि आयर्विन पुलाचे फूट वेगवेगळ्या शून्यापासून मोजलेले असतात. त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी छापले तरी कोठले पाणी किती उंच आहे, हे त्यांतून कळत नाही. दर तासाच्या पत्रकात त्याच पातळ्या समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्येही द्याव्यात आणि त्यांत नृसिंहवाडीचा आकडा असावा. मग राजाराम बंधाऱ्याच्या पातळीतून वाडीची पातळी वजा करून, नदीला आज किती उतार उरला आहे हे सुतारवाड्यातल्या शाळकरी मुलीलाही काढता येईल, आणि तो उतार कमी होत चालला असेल तर नाला उलटा फिरण्याआधीच तिच्या घरातले धान्य माळ्यावर गेलेले असेल.