मार्चमध्येच का आणि चर्चमध्येच का

भाचा लंडनला शिकायला गेलाय. परवा त्यानं फॅमिली ग्रुपवर एका चर्चचा आतला फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'हँडेल फेस्टिव्हलला आलोय, वर गॅलरीत बसलोय, भारी ऐकू येतंय.' (हँडेल हा अठराव्या शतकातला मोठा संगीतकार.) झालं! बिबवेवाडीच्या मावशीनं विचारलं, अरे चर्चमध्ये तिकीट लावून गाणं करतात का? सदाशिव पेठेतल्या काकांनी विचारलं, हे मार्चमध्येच का, तिकडं तर तेव्हा चांगलीच थंडी असते. आणि मग काकांनीच एक पिल्लू सोडलं, 'चहा घेतला नाहीस ना तिथं?' निम्म्या लोकांनी हसण्याचे इमोजी टाकले, उरलेल्यांना कळलंच नाही काय ते. भाच्याला पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माहीत नव्हती आणि तिसरा त्याच्या डोक्यावरून गेला. म्हणून मीच लिहायला बसले, ग्रुपवर एवढं कुणी वाचणार नाही.

चर्चचं नाव सेंट जॉर्जेस, हॅनोव्हर स्क्वेअर. लंडन वाढत चाललं होतं म्हणून १७११ साली तिथल्या पार्लमेंटनं कायदाच केला की पन्नास नवीन चर्चेस बांधायची, पैसा कोळशावरच्या करातून काढायचा. पन्नास काही झाली नाहीत, डझनभर झाली (सरकारी योजना तेव्हाही अशाच असायच्या). त्यातलं हे एक, आर्किटेक्ट जॉन जेम्स, १७२१ ला पाया घातला आणि १७२५ ला चर्च उघडलं. आजूबाजूची वस्ती तेव्हा नवी कोरी आणि पैसेवाल्यांची, म्हणजे आपल्याकडे एकेकाळी प्रभात रोड जसा नवा होता तसं समजा.

या वस्तीत ब्रुक स्ट्रीटवर २५ नंबरच्या घरात १७२३ पासून एक जर्मन माणूस भाड्यानं राहायला आला, जॉर्ज फ्रिडरिक हँडेल. जन्म २३ फेब्रुवारी १६८५, गाव हाले. मरेपर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षं, त्यानं ते घर सोडलं नाही. चर्च घरापासून चालत चार-पाच मिनिटांवर. नवीन चर्चला ऑर्गन वाजवणारा नेमायचा होता तेव्हा याचा सल्ला घेतला गेला आणि उमेदवारांनी ज्यावर आयत्या वेळी वाजवून दाखवायचं ती एक धून यानं दिली. म्हातारपणी, दृष्टी गेल्यावर, तो इथं नेमानं प्रार्थनेला यायचा, गुडघे टेकून बसायचा, आणि त्याच्या चेहऱ्यावरची नि हातवाऱ्यांतली भक्ती बघणाऱ्यांच्या लक्षात राहिली. जाता जाता सांगते, त्याच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या २३ नंबरात दोनशे वर्षांनी जिमी हेंड्रिक्स राहायला आला, आता दोन्ही घरं मिळून एक म्युझियम आहे.

तर हँडेल हा त्या चर्चचा शेजारी. पण मार्चचं काय?

त्यासाठी आधी लेंट समजून घ्यायला लागतं. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस (रविवार धरायचे नाहीत) उपवासाचा काळ. ईस्टर ठरतो चंद्रावर, २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येईल तिच्या पुढचा रविवार, म्हणजे आपल्या सणांसारखाच दरवर्षी पुढं-मागं सरकतो. त्यामुळे लेंट येतो साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून ते मार्च-एप्रिलपर्यंत, म्हणजे नेमका तिकडच्या वसंताच्या तोंडावर. आणि लंडनमध्ये हँडेलच्या काळात नियम असा की लेंटमध्ये बुधवारी आणि शुक्रवारी थिएटरात नाटक करायचं नाही. बंद म्हणजे बंद.

आपल्याकडे चातुर्मासात काय होतं बघा. लग्नं थांबतात, मांडववाले मोकळे होतात, पण कीर्तन-प्रवचनांना तेव्हाच गर्दी. एक दार बंद झालं की माणसं दुसऱ्या दारात जाऊन बसतात, घरी थोडीच बसणारेत. हँडेलला हीच फट सापडली, पण लगेच नाही, तिथपर्यंत जायला त्याला आधी चांगलंच तोंडावर पडायला लागलं.

तो लंडनला आला होता इटालियन ऑपेरा करायला. ऑपेरा म्हणजे आपलं संगीत नाटकच म्हणा, पण भाषा परकी, पडदे-पोशाख भरजरी आणि गायकांचे मानधनाचे आकडे ऐकून चक्कर यावी असे. नायिकांची भांडणंही तशीच, १७२७ साली दोन बड्या गायिकांच्या चाहत्यांनी भर थिएटरात इतका गोंधळ घातला की त्याची चर्चा अख्ख्या गावात. बालगंधर्व की केशवराव भोसले यावर आपल्याकडे वाद घालणारे त्या मानानं सभ्यच म्हणायचे! हे सगळं पैशाच्या जोरावर चाललं होतं आणि पैसा आटला. १७२८ ला इंग्रजी बोलीतलं, रस्त्यावरच्या चालींचं एक टवाळ नाटक आलं, ते तुफान चाललं, आणि ऑपेराची मोठी कंपनी त्याच वर्षी बसली. हँडेल तरी पुढं बारा-तेरा वर्षं ऑपेरा करतच राहिला, हट्टी माणूस.

मग १७३२. बायबलमधल्या एस्तेर राणीच्या गोष्टीवर त्यानं पूर्वी केलेली एक रचना राजाच्या चॅपलमधल्या पोरांनी त्याच्या वाढदिवसाला, २३ फेब्रुवारीला, एका टॅव्हर्नच्या हॉलमध्ये चक्क अभिनयासकट करून दाखवली. लोकांना आवडली, राजकन्येला ती थिएटरात बघायची होती. इथं बिशप गिब्सन आडवे आले. चॅपलची पोरं थिएटरात जाऊन पवित्र गोष्टीचा तमाशा करणार नाहीत म्हणजे नाहीत, हातात वह्या धरून उभी राहिली तरी नाहीत. हँडेलनं काय केलं, मे महिन्यात तेच थिएटरात लावलं पण सांगूनच टाकलं की रंगमंचावर अभिनय होणार नाही. गायक नुसते उभे राहतील आणि गातील.

आता यात गंमत अशी की बिशपनी ज्याला आडकाठी केली त्याच आडकाठीतून एक प्रकार उभा राहिला, त्याला म्हणतात ओरॅटोरिओ. पोशाख नाही, पडदे नाहीत, मागं कोरस, पुढं उभं राहून गोष्ट गाण्यातून सांगायची. संगीत नाटकातून नाटक काढलं की उरतं काय? आख्यान. कीर्तनकार एकटा उभा राहून सुदामाही होतो आणि कृष्णही होतो, त्याला कुठं मुकुट लागतो. मला तर वाटतं हँडेलचा ओरॅटोरिओ पुणेकराला ऑपेरापेक्षा लवकर कळेल, आपले कान त्याला तयार आहेत.

आणि मग लेंटची फट कामाला आली. अभिनयच नाही म्हणजे ते नाटक नाही, नाटक नाही म्हणजे बुधवार-शुक्रवारचा नियम लागू नाही, थिएटर तर रिकामंच पडलंय! १७३५ च्या लेंटमध्ये त्यानं कॉव्हेंट गार्डनच्या थिएटरात ओरॅटोरिओचे प्रयोग लावले, अंकांच्या मध्ये स्वतः ऑर्गन वाजवायचा, ते ऐकायलाच कितीतरी लोक यायचे. १७४१ ला ऑपेरा कायमचा सुटला. त्याच वर्षी २४ दिवसांत त्यानं 'मेसाया' हा ओरॅटोरिओ लिहून काढला, आणि पहिला प्रयोग १३ एप्रिल १७४२ ला डब्लिनमध्ये, पुन्हा ईस्टरच्या आसपासच. गर्दी होणार म्हणून बायकांनी फुगलेल्या घागऱ्याच्या आतल्या कड्या काढून याव्यात आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवाव्यात अशी विनंती पेपरात छापली होती, म्हणजे तेवढी माणसं जास्त बसतील. बालगंधर्व रंगमंदिरात पहिल्या पंधरा रांगांत हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेल्यांनी हे वाचावं.

आज सगळीकडे मेसाया म्हटलं की ख्रिसमस, आपल्याकडेही कॉयरवाले त्यातले तुकडे डिसेंबरात गातात. पण मुळात ते लेंटचं गाणं.

अजून चर्चमध्ये मात्र आपण पोचलो नाही, लक्षात आलं का? हे सगळं चाललंय थिएटरात आणि हॉलमध्ये. उलट १७४३ ला लंडनात मेसाया लावला तेव्हा नाटकाच्या थिएटरात देवाचं गाणं म्हणून लोकांनी नाकं मुरडली, जाहिरातीत नावसुद्धा न छापता 'नवीन पवित्र ओरॅटोरिओ' एवढंच छापलं. चर्चचं दार उघडलं ते अनाथ पोरांमुळे. थॉमस कोरम नावाच्या जहाजाच्या कप्तानानं टाकून दिलेल्या बाळांसाठी फाउंडलिंग हॉस्पिटल काढलं होतं, १७३९ ची सनद. त्याच्या चॅपलसाठी हँडेलनं ऑर्गन दिला आणि १ मे १७५० ला तिथं मेसाया केला. तिकीट अर्धी गिनी. गर्दी एवढी की लोकांना परत पाठवायला लागलं आणि पंधरा दिवसांत पुन्हा प्रयोग लावला. मग हे दरवर्षीचंच झालं, आणि या प्रयोगांतून संस्थेला सगळे मिळून सात हजार पौंडांच्या घरात रक्कम मिळाली, तेव्हाचे पौंड हं. तर मावशी, हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हँडेलचं हे गाणं तिकीट लावून चर्चमध्ये आलं ते पोरांच्या दुधासाठी, आणि एकदा दार उघडलं की मग ते कोण बंद करतंय.

हँडेल गेला १४ एप्रिल १७५९ ला. आदल्या दिवशी गुड फ्रायडे होता, त्याची इच्छा गुड फ्रायडेलाच जाण्याची होती म्हणतात, काही तासांनी हुकलं. मरणाच्या आठ दिवस आधी तो मेसायाच्या प्रयोगाला हजर होता. म्हणजे जन्म फेब्रुवारीत, मरण एप्रिलमध्ये, आणि मधे त्याचा सगळा सीझन. १७८४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्याच्या स्मरणार्थ मोठा उत्सव केला, मे-जूनमध्ये, पाचशेहून जास्त गाणारे-वाजवणारे, राजा स्वतः हजर. त्यानंतर मात्र हे वेड फुगतच गेलं, एकोणिसाव्या शतकात क्रिस्टल पॅलेसला हजारो लोकांचा कोरस मेसाया गायचा. ते कसं ऐकू येत असेल देव जाणे, पण बाकीचा हँडेल, ते चाळीसेक ऑपेरा वगैरे, लोक साफ विसरले.

म्हणून १९७८ महत्त्वाचं. सेंट जॉर्जेसचे ऑर्गनिस्ट डेनिस डार्लो यांनी लंडन हँडेल फेस्टिव्हल सुरू केला, हँडेलच्याच चर्चमध्ये, वसंतात. भर कशावर, तर विसरलेल्या रचनांवर आणि हँडेलच्या काळात असायचा तसा लहान ताफा, तशी वाद्यं यावर. पुढं २००२ पासून तरुण गायकांची स्पर्धाही सुरू झाली. आता कार्यक्रम लंडनात इतर ठिकाणीही होतात पण मूळ घर हेच. आणि 'भारी ऐकू येतंय' याचंही कारण आहे. हे काही उंच दगडी कमानींचं जुनं कॅथेड्रल नाही जिथं एक सूर काढला की तो घुमतच राहतो आणि शब्दावर शब्द चढतात. आत बाकं लाकडी, तीन बाजूंना गॅलऱ्या, माणसं भरलेली, त्यामुळे आवाज फार घुमत नाही, शब्द कळतो. तुळशीबागेतल्या रामाच्या सभामंडपात कीर्तन ऐकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे हेच पुण्यतिथीचं गणित असतं. सवाई गंधर्व १९५२ ला गेले, भीमसेनजींनी १९५३ पासून गुरूच्या नावानं महोत्सव चालू केला. फक्त आपला सीझन थंडीतला, आणि वसंतात पुणेकर गात नाहीत, बोलतात! न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ ला वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती अजून चालू आहे, ऐन एप्रिल-मेच्या उकाड्यात.

चर्चं मात्र आपल्याकडे जुनी आहेत. क्वार्टर गेटचं सिटी चर्च १७९२ चं, सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर, पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी. कॅम्पातलं सेंट मेरीज १८२५ चं, म्हणजे सेंट जॉर्जेसनंतर बरोबर शंभर वर्षांनी, त्याचं उद्घाटन केलं बिशप हेबर यांनी, जे स्वतः स्तोत्रं लिहायचे. या चर्चमधून गाणं परक्या चालींचंच असायचं. पुढं रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणला, कीर्तन आणलं, आणि मराठी चर्चमध्ये टाळ-मृदंग वाजायला लागला. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात एखाद्या मराठी चर्चच्या दाराशी उभं राहून बघा, पेटीवर भजन चाललेलं असतं आणि बाहेर रसवंतीची घुंगरं वाजत असतात.

आता राहिला चहा. १८९० ला गुरुवार पेठेतल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एक व्याख्यान झालं, नंतर पाहुण्यांना चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत लोकमान्य टिळक होते आणि रानडेही होते, व्याख्यानमालावाले तेच. बोलावणारे गोपाळराव जोशी, आनंदीबाईंचे यजमान, त्यांनीच नंतर कोण कोण आलं होतं ती नावं पेपरात छापून आणली आणि पुण्यात नुसता भडका, मिशनऱ्यांकडचा चहा प्यायले म्हणून ग्रामण्य (म्हणजे जातीतल्या बहिष्काराचा खटला), शंकराचार्यांपर्यंत प्रकरण, शेवटी प्रायश्चित्तं. काकांचा चहा तो हा.

भाच्याला एवढं सगळं पाठवलं. त्याचं उत्तर आलं, 'चहा नाही, कॉफी घेतली, पण बाहेरच्या कॅफेत.' काकांनी लगेच अंगठा दिला.