लोडर झटके देतोय: पिन सुकलीय की तेलात हवा शिरलीय?

लोडरची बूम, म्हणजे बकेट उचलणारा पुढचा हात, खाली घेताना सरळ उतरत नाही, अडखळत येते, मधेच ‘करर्र’ वाजते. कोल्हापूरकडे छोट्या ट्रॅक्टरच्या लोडरची ही तक्रार गळीत हंगामाच्या तोंडावर हमखास निघते. पावसाळाभर शेडमध्ये उभा असलेला लोडर शेणखत नाहीतर प्रेसमड (साखर कारखान्यातली मळी) भरायला एकदम जुंपला जातो आणि दोन दिवसांत ‘पंप गेला’ म्हणून उद्यमनगरच्या वर्कशॉपची वाट धरली जाते. पंप क्वचितच गेलेला असतो. बहुतेक वेळा पिन-बुशमधलं (सांध्यातला खिळा आणि त्याभोवतीची नळी) ग्रीस संपलेलं असतं, नाहीतर हायड्रॉलिक तेलात हवा शिरलेली असते. झटका दोन्हींत सारखाच दिसतो, म्हणून घोटाळा होतो.

आधी कान लावा. छोट्या ट्रॅक्टरवर लोडरचा पंप सहसा लिव्हरला हात न लावताही तेल फिरवत असतो. बकेट जमिनीवर टेकवा, लिव्हर मोकळा सोडा आणि इंजिन हळूहळू रेस करा. काहीच हलत नसताना पंपाकडून गुरगुर किंवा शिट्टीसारखा आवाज येऊन तो रेसबरोबर चढत असेल, तर दोष तेलाच्या बाजूला. पंप शांत आणि बूम हलली की तेवढीच करकर, तर पिन.

खात्री करायला बूम गुडघाभर उचला, आजूबाजूला कोणी नाही हे बघा, इंजिन बंद करून लिव्हरने हळूच खाली सोडा. आता पंप फिरत नाही, बूम स्वतःच्या वजनाने उतरते. तरीही थांबत थांबत, कुरकुरत उतरली तर पिनच धरतेय. ग्रीसचा थर संपला की पिन बुशला चिकटते, मागे जोर साठतो आणि ती एकदम सुटते. झटका तो हाच.

नेमकी कोणती पिन? सगळीकडे एकदम ग्रीस मारलं तर ते कळणार नाही. एक सांधा भरा, बूम हलवून बघा, मग पुढचा. बूमचे दोन आणि बकेटचे दोन सिलिंडर असलेल्या साध्या लोडरला ग्रीस भरायचे किमान १२ निप्पल असतात. बकेट समतल ठेवणारे लेव्हलिंगचे दांडे असतील तर जास्त. लिथियम कॉम्प्लेक्स, ईपी (जास्त दाब सोसणारं), घट्टपणाने २ नंबरचं ग्रीस घ्या, मॉलिब्डेनमवालं मिळालं तर उत्तम. हातगन एका दाबाला साधारण एक ग्रॅम देते. चार-पाच दाब मारा आणि कडेने ताजं ग्रीस डोकावलं की थांबा. काम चालू असताना दर ८ ते १० तासांनी, पाण्या-चिखलातून आल्यावर त्याच दिवशी.

बरेच जण इथे एक चूक करतात. बकेट टेकवून सगळे निप्पल भरतात आणि काम झालं समजतात. पण पिन बुशला ज्या बाजूने दाबून बसलेली असते तिथे ग्रीस शिरत नाही. ते मोकळ्या बाजूने बाहेर पडतं. म्हणून अर्धं मारून झाल्यावर बकेट जमिनीवर थोडी दाबा, म्हणजे पिनवरचा भार दुसऱ्या बाजूला जातो. इंजिन बंद करा आणि उरलेलं मारा. निप्पल ग्रीस घेतच नसेल तर गनवर जोर काढू नका. निप्पल काढा. त्यातली गोळी अडकली असेल तर नवा लावा. आतली वाट वाळलेल्या ग्रीसने बुजली असेल तर ती तारेने मोकळी करून थोडं पातळ तेल सोडा. आणि सिलिंडरच्या चकचकीत दांड्याला ग्रीस फासू नका, त्यावर माती चिकटते आणि सील कापते.

आता तेल. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं तेल एकच असतं. पातळी बघताना बूम पूर्ण खाली हवी. ती वर असताना बघितलं तर सिलिंडरमधलं तेल मोजलंच जात नाही आणि माणूस उगाच जास्त ओततो. पातळी बरोबर असूनही तेलावर फेस असेल तर पंपाच्या सक्शनकडची (तेल आत ओढायच्या बाजूची) होज, क्लिप आणि ओ-रिंग तपासा. इथे तेल बाहेर गळतंच असं नाही, हवा आत ओढली जाते. फेस नाही पण शिट्टी आहे, तर फिल्टर चोंदलेला असू शकतो.

तेल पांढरट दिसलं तर बाटलीत भरून ठेवा. काही वेळाने निवळलं तर हवा; दुधासारखंच राहिलं तर पाणी. २०१९ किंवा २०२१ सारखा पंचगंगेचा पूर आला आणि ट्रॅक्टर पाण्यात उभा राहिला, तर पाणीच धरून चाला: तेल आणि फिल्टर दोन्ही बदला. तेल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच घ्या, कारण ऑइल ब्रेक असले तर तेही त्याच तेलात बुडलेले असतात.

एक गोष्ट मात्र दोष नव्हे. भरलेली बकेट ओतताना ती धाडकन झुकते आणि मग क्षणभर काहीच हलत नाही. वजनाने बकेट पंपापेक्षा पुढे पळते आणि सिलिंडरमधली पोकळी भरेपर्यंत थांबते. थोडा रेस वाढवून हळू ओतलं की हे कमी होतं.

गळती शोधताना होजवर बोट फिरवू नका. दाबाखालचं तेल कातडीतून आत घुसतं. पुठ्ठ्याचा तुकडा धरा. होज काढण्याआधी बकेट जमिनीवर, इंजिन बंद, मग लिव्हर चारी दिशांना फिरवून दाब सोडा.

सक्शनची गळती बंद केल्यावर हवा काढायला वेगळी कसरत नाही. कमी आरपीएमवर रिकामी बूम आणि बकेट शेवटापर्यंत सात-आठ वेळा मागेपुढे करा. टोकाला पोचल्यावर लिव्हर दाबून धरू नका, नाहीतर जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह ओरडतो आणि तेल तापतं. मग दहा मिनिटं थांबून बूम खाली ठेवून पुन्हा डिपस्टिक बघा. हवा निघाल्यावर पातळी उतरलेली असते, तेवढं तेल भरा.