शॉर्ट सेलिंग (मुंबई शेअर बाजार)

हाती नसलेला शेअर आधी विकायचा आणि भाव पडल्यावर खरेदी करून सौदा मिटवायचा, या पद्धतीला शॉर्ट सेलिंग म्हणतात. असे करणारे दलाल स्ट्रीटवर मंदीवाले म्हणून ओळखले जातात. कंपनीच्या कमाईच्या मानाने शेअर अवाच्या सव्वा चढला आहे असे वाटणे, हे या सौद्यामागचे नेहमीचे कारण. 800 रुपयांना विकलेला शेअर 650 ला परत घेतला तर शेअरमागे 150 रुपये सुटतात. त्यातून दलाली आणि कर जातात. भाव उलटा चढत गेला तर मात्र तोट्याला मर्यादा नाही. 800 ला घेणाऱ्याचे फार तर 800 बुडतील, विकणाऱ्याचे किती, ते भाव कुठे थांबतो त्यावर.

शेअर महाग असल्याचा अंदाज बरोबर ठरूनही मंदीवाला बुडू शकतो, कारण तो बरोबर ठरायला वर्षे लागतात आणि मंदीचा सौदा धरून ठेवण्याची मुदत तेवढी नसते. कॅश बाजारात, म्हणजे शेअरांच्या थेट खरेदी-विक्रीत, सामान्य गुंतवणूकदाराला ती त्या दिवसापुरतीच मिळते. बाजार 9.15 ला उघडतो, 3.30 ला मिटतो, आणि त्याच्या थोडे आधी बहुतेक ब्रोकर उघडे इंट्राडे (त्याच दिवशी मिटवायचे) सौदे परस्पर कापून टाकतात. दरम्यान शेअरला वरचे सर्किट (दिवसभरातल्या चढीची कमाल मर्यादा) लागले तर विकायला कोणी उरत नाही आणि शॉर्टवाला अडकतो. डिलिव्हरी, म्हणजे विकलेले शेअर प्रत्यक्ष, देता आली नाही की ते बाजाराच्या ऑक्शनमधून (लिलावातून) मिळवले जातात आणि चढ्या भावाचा भुर्दंड त्याच्याच माथी बसतो. पंचाईत अशी की डोळ्यांत खुपण्याइतके महाग भाव बहुधा छोट्या, सर्किटला चिकटणाऱ्या शेअरांतच दिसतात.

फ्युचर्समध्ये, म्हणजे आज ठरलेल्या भावाने पुढच्या तारखेला मिटवायच्या करारांत, मुदत जास्त मिळते. एका वेळी तीन महिन्यांच्या सिरीज चालू असतात आणि सौदा पुढच्या महिन्यात नेता येतो. पण ही सोय निवडक मोठ्या शेअरांपुरतीच आहे, आणि भाव चढला की रोजच्या रोज फरकाचे पैसे भरावे लागतात. शेअर उसने घेऊन विकण्याची योजना (एसएलबी) एप्रिल 2008 पासून आहे. तिथली उलाढाल किरकोळ.

पूर्वी सौदा लांबवण्याचे हेच काम बदला ही पद्धत करी. शुल्क भरून सौदा पुढच्या हिशेबावर ढकलता येई. एरवी हे शुल्क खरेदीदार देई. शेअरची टंचाई झाली की ते विकणाऱ्यावर उलटे, त्याला उंधा बदला म्हणत. 1982 मध्ये कलकत्त्याच्या मंदीवाल्यांनी रिलायन्समध्ये जोरदार विक्री केली. धीरूभाई अंबानींच्या बाजूच्या दलालांनी येईल तो माल उचलला आणि एप्रिलअखेर बदला नाकारून थेट डिलिव्हरी मागितली. मंदीवाल्यांकडे शेअर नव्हतेच. भाव भडकला, त्यांची पळापळ झाली आणि मुंबईचा बाजार तीन दिवस बंद राहिला. मंदीवाले सापडतात म्हणजे काय होते, याचा दाखला म्हणून जुने दलाल आजही हाच प्रसंग सांगतात.

दलाल केतन पारेखच्या शेअर घोटाळ्याच्या वेळी, मार्च 2001 मध्ये, बाजार नियामक सेबीने शॉर्ट सेलिंगवर काही काळ बंदी घातली. जुलैत बदला गेला आणि नोव्हेंबरात शेअरनिहाय फ्युचर्स आले. म्युच्युअल फंड, विमा कंपन्या अशा संस्थांना 2008 पासून शॉर्ट सेलिंगची मुभा मिळाली, तीही डिलिव्हरी देण्याच्या बंधनासह. इंट्राडे त्यांना वर्ज्यच. सेबीच्या जानेवारी 2024 च्या परिपत्रकानुसार संस्थांनी ऑर्डर टाकतानाच ती शॉर्ट आहे हे सांगायचे, किरकोळ गुंतवणूकदारांनी दिवसाचा बाजार संपेपर्यंत.

24 जानेवारी 2023 रोजी न्यू यॉर्कच्या हिंडेनबर्ग रिसर्च या शॉर्ट सेलिंग करणाऱ्या संस्थेने अदानी समूहावर अहवाल काढला. गैरव्यवहाराचे आरोप बाजूला ठेवले तरी निव्वळ भावाच्या निकषावर हे शेअर 85 टक्के पडू शकतात, असे त्यात म्हटले होते. समूहाने आरोप फेटाळले. शेअर कोसळले आणि अदानी एंटरप्रायझेसची 20,000 कोटींची समभाग विक्री मागे घेण्यात आली. भाव मुंबईत पडले, पण हिंडेनबर्गने स्वतः जाहीर केलेले शॉर्ट सौदे अमेरिकेत व्यवहार होणाऱ्या रोख्यांत आणि भारताबाहेरच्या डेरिव्हेटिव्हमध्ये (शेअरच्या भावावर बेतलेल्या फ्युचर्ससारख्या करारांत) होते.