पब्लिक एनिमी: एका गोंगाटाची घडण

पब्लिक एनिमी या अमेरिकी हिप-हॉप गटाचे नाव निघाले की चर्चा त्याच्या राजकीय शब्दांची होते. पण १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातील श्रोत्यांना त्या शब्दांइतकाच त्यांच्यामागचा आवाजही नवा होता, आणि गटाचे पुढे काय झाले हे त्या आवाजाच्या घडणीवरून अधिक नीट कळते.

गटाची मुळे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमध्ये आहेत. अ‍ॅडेल्फी विद्यापीठात ग्राफिक डिझाइन शिकणारा कार्लटन रायडनहावर, म्हणजेच चक डी, हँक शॉकलीसह विद्यापीठाच्या डब्ल्यूबीएयू या रेडिओ केंद्रावर कार्यक्रम करीत असे. विल्यम ड्रेटन, म्हणजे पुढचा फ्लेवर फ्लेव, त्यांना तिथेच येऊन मिळाला. डेफ जॅम या ध्वनिमुद्रण कंपनीच्या रिक रुबिनने फार पाठपुरावा केल्यावर चक डी करारास राजी झाला आणि १९८७ साली पहिला अल्बम आला. बंदुकीच्या नेमाच्या वर्तुळात सापडलेला माणूस दाखवणारे गटाचे बोधचिन्हही चक डीनेच रेखाटले.

खरी झेप १९८८च्या ‘इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक’ या अल्बमची. हँक आणि कीथ हे शॉकली बंधू, एरिक सॅडलर आणि चक डी यांच्या ‘बॉम्ब स्क्वाड’ने जुन्या तबकड्यांतील ड्रमचे ठेके, सॅक्सोफोनची किंकाळी आणि भाषणांचे तुकडे असे काही एकावर एक रचले की मूळ गाणी ओळखू येऊ नयेत आणि कानाला उसंत मिळू नये. असे तुकडे (सॅम्पल) साठवून वाजवणाऱ्या सॅम्पलर यंत्रांत त्या वेळी काही सेकंदांचाच ध्वनी मावत असे, त्यामुळे तुकडेही आखूडच घ्यावे लागत.

१९८९ मध्ये स्पाइक लीच्या चित्रपटासाठी केलेल्या ‘फाइट द पॉवर’ने गट कीर्तीच्या शिखरावर असतानाच प्रोफेसर ग्रिफ या सदस्याची ज्यूविरोधी विधाने वृत्तपत्रात छापून आली. त्याला गटातून दूर करताना चक डीने जी धरसोड केली, ती त्याच्या एरवीच्या ठामपणाला शोभणारी नव्हती. तरीही १९९०चा ‘फिअर ऑफ अ ब्लॅक प्लॅनेट’ गाजला आणि पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत समाविष्ट झाला.

गटाच्या शैलीला मोठा अडसर आला तो न्यायालयाकडून, आणि तोही दुसऱ्याच्या खटल्यात. विनापरवाना सॅम्पलबद्दल डिसेंबर १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्कीविरुद्ध निकाल गेला. त्यानंतर प्रत्येक तुकड्यासाठी परवानगी आणि पैसे मोजणे कंपन्यांना भाग पडले, आणि एका गाण्यात अनेक तुकडे वापरण्याची ही पद्धत आवाक्याबाहेर गेली. गटाला २०१३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. त्याच्या राजकीय बाण्याचे वारस अनेक निघाले, त्या दाट ध्वनिरचनेचे मात्र फार थोडे.

सॅम्पलच्या परवान्यांच्या या व्यवस्थेत पैसा गाण्यांच्या हक्कधारकांकडे जात राहिला. ज्याचा ठेका ‘फाइट द पॉवर’सह असंख्य गाण्यांत वापरला गेला, त्या ड्रमवादक क्लाइड स्टबलफील्डचे नाव तो ठेका जिथून घेतला त्या मूळ ‘फंकी ड्रमर’ या गाण्याच्या रचनाकारांत नव्हते. त्यामुळे २०१७ मध्ये निधन होईपर्यंत त्याच्या हाती या उसनवारीतून जवळजवळ काहीच पडले नाही.